नर्तकींचीं छायाचित्रें व त्यांतील वेषभूषा : एक साधनचिकित्सा

कागदाचा प्रश्न निघाला म्हणजे आपले संशोधक फार सावध असतात. एखादें पत्र हातीं आलें कीं त्याचा कागद कोणता, शाई कोणती, वळण कोणाचें, मिति व वार जुळतात कीं नाहीं, शिक्का अस्सल आहे कीं मागाहून उठविलेला, आणि हाती असलेली नक्कल ही नकलेचीच नक्कल तर नव्हे, इतक्या कसोट्या लावल्यावांचून त्यांतील एकही ओळ आपण पुराव्यांत घेत नाहीं. परंतु त्याच दप्तराच्या तळाशीं एखादा जुना फोटो सांपडला, तर तोच संशोधक तो उजेडांत धरून लगेच सांगूं लागतो कीं, त्या काळीं कलावंतिणी असा पोशाख करीत, असे दागिने घालीत, अशा उभ्या राहत. कागदास लावलेली एकही कसोटी तो फोटोस लावीत नाहीं. छायाचित्र यंत्रानें निघतें, म्हणून तें खोटें बोलणार नाहीं, असा भरंवसा या वृत्तीच्या मुळाशीं आहे. हा भरंवसा कितपत टिकतो हें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या व त्याच्या थोड्या आधींच्या नर्तकींच्या छायाचित्रांवरून पाहावें, असें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

या विषयास आरंभ करण्यास हिंगोलीचा प्रदेश आम्हांस विशेष सोयीचा वाटतो. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ सालच्या मे महिन्यांत परभणी जिल्ह्यांतून वेगळा निघाला. परंतु आपल्या विषयाच्या काळांत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व तो १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. भाषा मराठी, यात्रा नरसीच्या नामदेवाची व औंढ्याच्या नागनाथाची, आणि दरबार मात्र हैदराबादचा, अशी येथील स्थिति. त्यांत हिंगोली हें हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचें ठाणें होतें. ही फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या सैन्यांत मिळविण्यांत येईपर्यंत तिच्या पलटणी बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद व हिंगोली या छावण्यांतून आलटून पालटून राहत. छावणीमागें सदर बाजार, आणि बाजाराच्या आश्रयानें गाणेंबजावणें, हा त्या काळचा सर्वत्र आढळणारा क्रम होय. दक्षिणेस माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत तमाशाचे फड उभे राहत आले आहेत. म्हणजे एकीकडून पेशवाज व ओढणी घालणाऱ्या दरबारी नाचाची रीति, आणि दुसरीकडून नऊवारी लुगड्याचा काष्टा मारून नाचण्याची मराठी रीति, अशा दोन वेषपरंपरा ज्या पट्ट्यांत एकमेकींस भेटतात त्या पट्ट्यांत हा जिल्हा पडतो. अशा सीमेवर सांपडलेल्या छायाचित्राचा वेष पाहून कोणी झटकन निर्णय देऊं लागला तर तो हमखास फसण्याचा संभव.

प्रथम दोन्ही वेषांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. पेशवाज म्हणजे वर अंगासरशी घट्ट चोळीसारखा भाग आणि कमरेखालीं असंख्य कळ्यांचा मोठा घेर असलेला झगा. त्याखालीं तंग सुरवार, वर जरीकांठी ओढणी. गिरकी घेतली असतां घेर छत्रीसारखा उघडावा हेंच त्याचें प्रयोजन. कळ्या जितक्या अधिक तितका पोशाख भारी, आणि त्यावर कलाबतू, बादला व टिकल्या चढल्या म्हणजे त्याचें वजन सहज जाणवण्याइतकें होई. नऊवारीचा नाच निराळा. तेथें घेर नाहीं. काष्ट्यामुळें पाय मोकळे राहतात, पाऊल जमिनीवर आपटतां येतें, आणि सारें लक्ष चाळांच्या आवाजाकडे व चेहऱ्याच्या अदाकारीकडे जातें. एका पायांत शंभर-शंभर, दीडशें-दीडशें घुंगरांचा चाळ बांधला म्हणजे नाचणारणीचें अर्धें वाद्य तिच्या पायांतच असतें. पहिला वेष डोळ्यांसाठीं, तर दुसरा डोळ्यांइतकाच कानांसाठीं, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. आतां गंमत अशी कीं, यांपैकीं गिरकी आणि आवाज या दोन्ही गोष्टी छायाचित्रांत उतरूंच शकत नाहींत. उरतें तें कापड व दागिने; आणि तेवढ्यावरच आपण नाचाचा इतिहास रचूं पाहतों.

छायाचित्रण या देशांत लौकर आलें. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, तींत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान् सभासद होते, आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन विद्यालयांत हा विषय शिकविण्याचा वर्ग निघाला व त्यांतून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय धंदेवाईक छायाचित्रकार तयार झाले. याच सुमारास विल्यम जॉन्सन व हेंडरसन यांनीं १८५६ पासून मुंबईंत मासिक अंकांच्या रूपानें छायाचित्रांचा जो संग्रह काढला त्यांत नाचणाऱ्या स्त्रियांचींही चित्रें आलीं. जॉन्सन यानें पुढें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींचे दोन सचित्र भाग प्रसिद्ध केले. हे भाग वस्त्रालंकारांच्या अभ्यासकांस फार मोलाचे वाटतात, आणि वस्त्रांपुरते ते तसे आहेतही. परंतु त्यांतील माणसें ज्या देवळापुढें किंवा तळ्याकांठीं उभीं दिसतात तेथें तीं बहुधा कधींच उभीं नव्हतीं! जॉन्सननें माणसांचीं चित्रें आपल्या स्टुडिओंत घेतलीं, देखाव्यांचीं निराळीं घेतलीं, आणि मग एकाची आकृति दुसऱ्यावर जोडून नवें चित्र छापिलें. एखाद्या पत्राचा मायना एका कागदावरचा व मजकूर दुसऱ्यावरचा निघावा, तसाच हा प्रकार. जोडकाम करणाऱ्याचा हेतु फसविण्याचा नव्हता. घराबाहेरच्या उजेडांत कित्येक सेकंद निश्चळ उभें राहणें माणसांस कठीण, म्हणून त्यानें ही युक्ति काढली. परंतु अशा चित्रावरून "अमक्या देवळापुढें नर्तकी नाचत असत" असा निष्कर्ष काढणाऱ्यानें आपली फसवणूक आपणच करून घेतली असें होतें.

कित्येक सेकंद निश्चळ उभें राहणें, हा मुद्दा येथेंच नीट लक्षांत घेतला पाहिजे, कारण नर्तकीच्या छायाचित्राची सारी अडचण त्यांत आहे. १८५१ सालीं निघालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतींत कांच ओली असतांच चित्र घेऊन तेथल्या तेथें धुवावी लागे. चित्र घेण्यास लागणारा वेळ इतका कीं, बसणाऱ्याची मान हलूं नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. जिचें सारें कसब हालचालींत, तिला टेकूस मान लावून पुतळ्याप्रमाणें उभी केली म्हणजे जें निघेल तें नाचाचें चित्र नव्हे. एक हात डोक्यावर, दुसरा कमरेवर, ओढणीचें टोंक दोन बोटांत धरलेलें, ही जी ठरीव ठेवण शेंकडों चित्रांत दिसते ती नर्तकीची नसून बहुधा छायाचित्रकाराची आहे. ज्या अवस्थेंत हात पांच-दहा सेकंद न थरथरतां राहील तीच अवस्था त्यानें निवडली. पेशवाजाचा घेर उभ्यानें उघडत नाहीं, म्हणून तिला गालिच्यावर बसवून तो हातानें पसरून ठेवीत. बसलेल्या नर्तकींचीं इतकीं चित्रें आढळतात त्याचें कारण हेंच असावें असें आमचें मत आहे. १८८० च्या सुमारास कोरड्या कांचा बाजारांत सर्वत्र मिळूं लागल्या व वेळ पुष्कळ कमी झाला, तरी ठेवण मात्र तीच राहिली. संवय जडली होती, आणि गिऱ्हाइकांसही आतां नर्तकी म्हटली कीं तीच ठेवण हवी होती.

साथीदारांच्या बाबतींतही असाच फरक पडला आहे. नाचाच्या बैठकींत सारंगिये व तबलजी नर्तकीच्या मागें उभे राहून, तबले कमरेस बांधून, तिच्याबरोबर पुढें मागें सरकत साथ करीत, हें जुन्या चित्रांवरून व प्रवासवर्णनांवरून सर्वश्रुत आहे. स्टुडिओच्या छायाचित्रांत तेच साथीदार पुष्कळदां खालीं बसलेले दिसतात, कारण उभा मनुष्य हलतो व बसलेला कमी हलतो. परंतु या साथीदारांचा दुसराच एक उपयोग आम्हीं वाचकांस सुचवूं इच्छितों. कांच उलट बाजूनें छापली गेली म्हणजे चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें होतें, आणि हें छापखान्यांतून व पोस्टकार्डांतून पुष्कळदां घडलें आहे. तेव्हां सारंगियाच्या गजाचा हात पाहावा. गज उजव्या हातांत असावयाचा. तो डाव्या हातांत दिसला तर सारंगिया डावखोरा असल्याचें मानण्यापूर्वीं चित्र उलटें आहे कीं काय याचा विचार करावा. मराठी स्त्रीची नथ डाव्या नाकपुडीस असते, हीही तशीच खूण. पुरुषांच्या जाम्याचे बंद हिंदूंचे डाव्या बाजूस व मुसलमानांचे उजव्या बाजूस बांधिले जात, ही गोष्ट लघुचित्रांच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. पण उलट्या छापलेल्या चित्रावरून बंद पाहून एखाद्या बिचाऱ्या साथीदाराचा धर्मच बदलून टाकूं नये!

यापेक्षांही मोठी फसगत रंगाची होते. जुन्या कांचांवरील द्रव्यास निळा रंग चटकन कळे, तांबडा व पिवळा जवळ जवळ कळतच नसे. परिणाम असा कीं तांबडें किंवा कुसुंबी लुगडें छायाचित्रांत काळें दिसतें, हळदी रंगाचें मळकट गडद दिसतें, आणि गडद निळें वस्त्र पांढुरकें उमटतें. कुंकूही काळें पडतें. १८७३ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यानें कांचेस हिरवा-पिवळा रंग कळावा अशी युक्ति शोधून काढली, आणि सर्व रंग जाणणाऱ्या कांचा १९०६ पासून विलायतेच्या बाजारांत येऊं लागल्या. तरी त्या आपल्याकडील लहान धंदेवाल्यांच्या हातीं सर्रास खेळूं लागण्यास आणखी बराच काळ लोटला. एखाद्या नर्तकीनें पांढरें वस्त्र नेसलें आहे असें पाहून ती विधवा किंवा विरक्त असल्याचा तर्क, अथवा काळी चंद्रकळा आहे असा तर्क, हे दोन्ही या एका कारणानें ढासळतात. ती चंद्रकळा लालभडक शालूही असूं शकेल. जरीची गोष्ट निराळीच. जर पिवळी, म्हणून ती गडद यावी. पण धातूची असल्यामुळें उजेड ज्या कोनानें पडेल तशी ती कोठें चकाकून पांढरी व कोठें काळी उमटते, आणि एकाच कांठाचे दोन तुकडे दोन निरनिराळे कांठ असावेत असा भास होतो. हातानें रंगविलेलीं चित्रें पाहून तर कोणत्याही वस्त्राचा रंग सांगूं नये. तो रंग कुंचल्याचा आहे. रंगविणाऱ्या कारागिरानें ती स्त्री पाहिलेली नसे. त्याच्या पुढें काळें-पांढरें चित्र आणि डबींत चार रंग एवढेंच असे.

आणि तें वस्त्र तरी तिचेंच होतें काय? मोठ्या स्टुडिओंत पडदे, खुर्च्या, कठडे, फुलदाण्या यांच्याबरोबर कांहीं वस्त्रेंही ठेवलेलीं असत. एकच ओढणी किंवा एकच गालिचा एका स्टुडिओच्या दोन-चार चित्रांत, निरनिराळ्या स्त्रियांबरोबर, दिसूं लागला म्हणजे तो स्टुडिओचा माल समजावा. म्हणून एका स्टुडिओचीं जितकीं मिळतील तितकीं चित्रें एकत्र मांडून पाहण्याची पद्धति आम्हांस सर्वांत फलदायी वाटते. एकटें चित्र मुकें असतें; दहा चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे कोणती वस्तु व्यक्तीची आणि कोणती दुकानाची हें आपोआप निवडून निघतें.

या काळच्या छायाचित्रकारांत निजामाच्या मुलुखाचा विचार करतांना राजा दीनदयाळ यांचें नांव अग्रभागीं येतें. मीरतजवळच्या सरधन्याचे हे गृहस्थ (जन्म १८४४), इंदुराकडे सरकारी नोकरींत असतां कीर्ति मिळवून सिकंदराबादेस आले, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले, आणि १८९४ सालीं त्यांस राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब मिळाला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. छायाचित्राच्या धंद्यावर 'जंग' पद मिळविणारे असे दुसरे गृहस्थ आमच्या पाहण्यांत नाहींत. १८९६ सालीं त्यांनीं मुंबईसही स्टुडिओ काढला व १९०५ सालीं ते वारले. त्यांच्या हैदराबादेच्या व्यवसायांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार महत्त्वाची आहे. १८९२ च्या सुमारास त्यांनीं पडदानशीन स्त्रियांसाठीं निराळा जनाना स्टुडिओ उघडला व तो एका युरोपियन बाईच्या हातीं दिला. परपुरुषानें चित्र घेतलें असें होऊं नये, हा हेतु. यावरून त्या काळच्या घरंदाज स्त्रीचें चित्र घेणें हें किती अवघड काम होतें तें दिसतें. नर्तकीस ही अडचण नव्हती. ती सार्वजनिक बैठकींत बसणारी, तेव्हां तिचें चित्र काढण्यास, छापण्यास व विकण्यास कोणाची आडकाठी नव्हती. म्हणून आपल्या देशांतील ज्या स्त्रियांचीं मुखें प्रथम बाजारांत आलीं त्यांत नर्तकींची संख्या मोठी आहे. याचा उलटा परिणाम असा झाला कीं, नटलेल्या, एकट्या बसलेल्या, दागिन्यांनीं मढलेल्या कोणत्याही अनामिक स्त्रीचें जुनें चित्र दिसलें कीं तिला 'कलावंतीण' म्हणून मोकळें होण्याची खोड संग्राहकांस लागली. लग्नाच्या शालूंत बसविलेली एखाद्या देशमुखाची सून आणि बैठकीच्या शालूंत बसलेली गायिका यांच्यांत कापडावरून भेद करतां येत नाहीं. पैठणी दोघींचीही एकाच मागावरची. केवळ वेषावरून पुठ्ठ्याच्या मागें पेन्सिलीनें असा शब्द लिहिणाऱ्यानें एका घराण्याविषयीं विधान केलेलें असतें, आणि तें पुढील सर्व मालकांकडून खरें धरलें जातें, हें त्यानें ध्यानांत ठेवावें.

याच्या अगदीं उलट अन्यायही घडला आहे, व तो आमच्या मतें अधिक मोठा आहे. ज्या खरोखरीच नर्तकी होत्या त्यांचीं नांवें गेलीं. मुंबईच्या क्लिफ्टन आणि कंपनीसारख्या व्यापाऱ्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं चित्रमय पोस्टकार्डें काढलीं, त्यांवर 'नाचणारी मुलगी' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द छापलेले असत. बाईचें नांव नाहीं, गांव नाहीं. जणूं काय ती व्यक्ति नसून एक जातीचें पाखरूं! असें होणें अपरिहार्य होतें असेंही म्हणतां येत नाहीं. लखनौच्या दरोगा अब्बास अली यानें १८७४ सालीं तेथील प्रसिद्ध गायिका, नर्तकी व नाटकांत कामें करणाऱ्या स्त्रियांच्या चोवीस छायाचित्रांचें पुस्तक कलकत्त्यास छापविलें, त्यांत त्यांचीं नांवें दिलीं आहेत. शिवाय कांहींजणी अमानतच्या 'इंदरसभा' या नाटकांतील परींच्या वेषांत आहेत. म्हणजे तेथें व्यक्ति कोण आणि तिनें घेतलेलें सोंग कोणतें, हे दोन प्रश्न निरनिराळे राखले गेले. मुंबईच्या बाजारी कार्डांत दोहोंचा काला झाला. आमचे मित्र म्हणतील कीं लखनौचा गृहस्थ आपल्या शहराच्या गतवैभवाचा अभिमानी होता व मुंबईचे व्यापारी आगबोटीवरच्या गिऱ्हाइकांस कार्डें विकत होते. तें खरेंच आहे. परंतु त्यामुळें आपलें नुकसान कमी होत नाहीं.

बडोद्याचें उदाहरण या दृष्टीनें समाधानकारक आहे. १८८० सालीं सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाई, म्हणजे पहिल्या चिमणाबाई, यांच्याशीं झाला, तेव्हां तंजावराहून नर्तकींचा ताफा बडोद्यास आला. त्यांतील गौरा व कांतिमति हीं नांवें सुटलीं नाहींत, याचें श्रेय दरबारच्या दप्तरास व घराण्याच्या आठवणीस आहे. हा ताफा संस्थानच्या कलावंत खात्यांत नोकरीस राहिला, आणि कांतिमतीचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनीं पुढें भरतनाट्याचे शिक्षक म्हणून नांव मिळविलें. मराठी संशोधकांस या घराण्याविषयीं निराळीच आस्था वाटावयास हवी, कारण तंजावरच्या सरस्वती महालांत सरफोजी राजांच्या नांवावरचीं मराठी नृत्यनिरूपणांचीं बाडें आहेत, आणि तीं ज्या परंपरेचीं त्याच परंपरेच्या या नर्तकी होत. म्हणजे एका बाजूस बोलांचें हस्तलिखित, दुसऱ्या बाजूस त्याच घराण्याच्या नाचाचा वेष दाखविणारें छायाचित्र. त्यांचा वेष मात्र मराठी नव्हे व हैदराबादीही नव्हे. पायजम्यावर साडी बेतून पुढें पंख्यासारख्या निऱ्या सोडलेला दाक्षिणात्य आहे. बडोद्याचें चित्र म्हणून कोणी त्यास गुजराती अथवा मराठी वेषाचा नमुना ठरवील, तर दप्तर त्यास खोटें पाडील. येथें कागदानें छायाचित्रास सांवरून धरलें आहे.

ग्रामोफोनच्या बाबतींत तर आवाजानेंच तें काम केलें. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें. गाणें संपतांच ती स्वतःचें नांव इंग्रजींत सांगते. तबकड्या जर्मनींत हानोवर येथें छापल्या जात, तेथील कामगारांस चिठ्ठीवर कोणाचें नांव घालावें हें कळावें म्हणून ही रीति पडली होती. कारखान्याची सोय म्हणून आलेल्या या चार शब्दांनीं कित्येक गायिकांस निनांवी होऊं दिलें नाहीं. गौहरजानचीं चित्रें पोस्टकार्डांवर, इतकेंच काय पण आगपेट्यांवरही छापलीं गेलीं, आणि तीं नांवानिशीं ओळखतां येतात तीं बहुतांशीं तबकडीनें मिळवून दिलेल्या कीर्तीमुळें.

आतां मराठी रंगभूमीकडे वळूं. येथें छायाचित्रांतील 'नर्तकी' पुष्कळदां पुरुष आहे. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस नाटकाचा पाया घातल्यापासून स्त्रीभूमिका मुलगे व पुरुष करीत. किर्लोस्कर मंडळींत भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) व नंतर १९०५ पासून नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनीं तीं कामें कळसास नेलीं. तमाशांतही नाच्या पोऱ्याच लुगडें नेसून नाचे. पठ्ठे बापूरावांच्या फडांतील पवळा हिवरगांवकर हिला तमाशाच्या बोर्डावरील पहिली नामांकित स्त्री मानतात. तेव्हां नऊवारींतील एखादी नटवी मूर्ति पाहून 'नर्तकी' म्हणण्यापूर्वीं मनगट, गळा व पावलें न्याहाळावीं. बालगंधर्वांच्या चित्रांत मात्र ही कसोटीही कधीं कधीं थकते! त्यांचे शालू व दागिने खरे व भारी मोलाचे असत, त्यापायीं मंडळीस कर्ज झालें, आणि त्यांच्या नेसण्याचें व केशरचनेचें अनुकरण प्रेक्षकांतील स्त्रिया करीत, हें सर्वज्ञात आहे. यांतून संशोधकापुढें एक चमत्कारिक पेंच पडतो. १९१५ च्या पुढील एखाद्या गृहिणीच्या छायाचित्रांतील पदराची तऱ्हा रंगभूमीवरून घरांत आली कीं घरांतून रंगभूमीवर गेली? तारीख असलेलीं चित्रें जुळविल्यावांचून याचें उत्तर देऊं नये.

देवलांचें 'संशयकल्लोळ' येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. १८९३ च्या 'फाल्गुनराव' या गद्य नाटकाचें हें संगीत रूप १९१६ सालीं, देवलांच्या मृत्यूनंतर, गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें व रेवतीचें काम बालगंधर्वांनीं केलें. रेवती नायकिणीची मुलगी; तिच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर एका संसारी स्त्रीच्या हातीं जाते आणि साऱ्या घोटाळ्यास तोंड फुटतें. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलियेरची असली, तरी मराठी प्रेक्षकांस ती इतकी घरची वाटली याचें कारण उघड आहे. कोणाचें चित्र कोणाच्या हातांत सांपडावें, हा प्रश्न त्या पिढीस खरोखरच नाजूक होता.

चलच्चित्राच्या आरंभींही हाच अनुभव आला. दादासाहेब फाळके हे धंद्यानें प्रथम छायाचित्रकारच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' मध्यें काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून तारामतीचें काम अण्णा साळुंके यांजकडून करविलें. त्याच सालच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्यें मात्र मोहिनीच्या भूमिकेंत कमलाबाई व पार्वतीच्या भूमिकेंत तिची आई दुर्गाबाई या दिसल्या. मोहिनी म्हणजे नाचून भस्मासुरास भुलविणारी. तेव्हां मराठी स्त्रीचा नाच पडद्यावर आला तो पौराणिक वेषांत, आणि तो वेष रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या वळणाचा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें मळवलीस गेला. त्याच्या चित्रांनीं देवींस जरीकांठी साडी नेसविली, आणि नटांनीं तीच साडी रंगभूमीवर नेली. छायाचित्रांतील 'प्राचीन' वेष पुष्कळदां वीस वर्षांपूर्वींच्या रंगीत चित्राचा असतो.

परदेशांतून आलेल्या लाटेचा उल्लेख थोडक्यांत करतों. अमेरिकेची रूथ सेंट डेनिस हिनें १९०६ सालीं 'राधा' नांवाचें नृत्य बसविलें. तिचा वेष हिंदी नर्तकीपेक्षां पाश्चात्य कल्पनेशींच अधिक जुळता आहे. १९२६ सालीं ती मंडळीसह हिंदुस्थानांत हिंडून गेली. पुढें लीला सोखी ऊर्फ मेनका (१८९९–१९४७) यांनीं कथ्थकास रंगमंचावर नवी प्रतिष्ठा मिळवून दिली, १९३६ सालीं बर्लिनच्या नृत्यस्पर्धेंत त्यांच्या मंडळीचा गौरव झाला, आणि खंडाळ्यास त्यांनीं नृत्यालय चालविलें. त्यांच्या छायाचित्रांत पेशवाजाचा घेर प्रथमच हवेंत उघडलेला पाहावयास मिळतो, कारण आतां कॅमेरा क्षणार्धांत चित्र घेऊं लागला होता. परंतु याच दशकांत, १९३४ सालीं, मुंबई इलाख्यांत देवदासींविषयींचा कायदा झाला. एकीकडे नृत्यास सभागृहांत मान मिळाला, दुसरीकडे ज्या स्त्रियांनीं तें राखलें त्यांच्या वंशजांस आजीचें चित्र भिंतीवर लावावें कीं पेटींत ठेवावें असा प्रश्न पडला. त्या पेट्यांतील चित्रें विकावयास निघतात तेव्हां पाठीमागचा मजकूर खरवडलेला आढळला, तर दोष कोणास द्यावा हें आम्हांस ठरवितां येत नाहीं.

संग्राहकांच्या उपयोगासाठीं कालनिर्णयाचीं कांहीं साधनें देऊन हा लेख पुरा करतों. सुमारें अडीच इंच रुंद व चार इंच उंच पुठ्ठ्यावर चिकटविलेलें पातळ कागदाचें चित्र हें विझिटकार्डाच्या आकाराचें. हा आकार १८५४ सालीं पॅरिसच्या डिस्देरीनें रूढ केला. सव्वाचार इंच बाय साडेसहा इंचांचें कॅबिनेट कार्ड १८६६ पासूनचें, तें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चाललें. पिवळट, तकाकीदार, अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कागदावरील चित्र बहुधा त्या शतकाच्या अखेरीपर्यंतचें. पोस्टकार्डाच्या पाठीवर पत्ता व मजकूर यांसाठीं दोन भाग असतील तर तें १९०२ पूर्वींचें असूं शकत नाहीं, कारण ही मुभा विलायतेंतच त्या सालीं मिळाली. या खुणा चित्रांत नसून पुठ्ठ्यावर व पाठीवर आहेत. म्हणून कडा कातरून नवीन चौकटींत बसविलेलें चित्र म्हणजे मायना, मिति व शिक्का फाडून टाकलेलें पत्रच समजावें.

दीनदयाळांच्या कांचांवर क्रमांक घातलेला असे व तो पुष्कळदां प्रतींतही कोंपऱ्यांत बारीक उमटलेला दिसतो. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक कांचा १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें घेतल्या असून कारखान्याच्या नोंदवह्यांचाही अभ्यासकांनीं उपयोग केला आहे. परभणी, नांदेड व हिंगोली या भागांतील जुन्या वाड्यांतून अशा प्रति निघाल्यास त्यांचा क्रमांक, पुठ्ठ्यावरील छाप, पाठीवरील मजकूर आणि चित्र ज्या घरांत मिळालें त्या गांवाचें नांव, हीं चार टिपून ठेवावीं. मजकूर मोडींत असल्यास तो जसाच्या तसा, चुकांसकट, उतरून घ्यावा. बाईचें नांव वाचतां न आल्यास अंदाजानें पुरें करूं नये. जितकीं अक्षरें लागतील तितकींच लिहावीं.